जिभेचा अपराध

जिभेला हाड नसतें अशी आमच्याकडे म्हण आहे, आणि ज्यांचा चरितार्थच बोलण्यावर चालतो त्यांना तिचा अनुभव इतरांपेक्षां अधिक येतो. वर्गांत उभें राहून तीस वर्षें बोलल्यावर आपण कधींच वावगें बोललों नाहीं, असें छातीठोकपणें सांगणारा अध्यापक आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. एखादें नांव चुकतें, एखादा सन चुकतो, आणि एखादें वाक्य तर तोंडांतून असें निघून जातें कीं रात्रीं अंथरुणावर पडल्यावर तें आठवून मनाची शरम वाटावी. म्हणूनच एखाद्या लोकप्रतिनिधीच्या तोंडून निघालेलें एक वाक्य धरून सारा देश हात धुऊन त्याच्या मागें लागला म्हणजे आमची पहिली सहानुभूति त्या मनुष्याकडेच जाते. ज्यानें अकरा-बारा वर्षें विधिमंडळांत काढलीं त्याची परीक्षा दहा-वीस शब्दांवरून करावी काय? मतदारानें मनुष्याच्या कृति पाहाव्या कीं त्याची जीभ पाहावी? हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाहीं, आणि आमची पहिली सहानुभूति शेवटपर्यंत टिकली नाहीं, ती कां टिकली नाहीं हेंच येथें सांगावयाचें आहे.

ज्या प्रसंगानें हा विचार आमच्या मनांत घोळूं लागला तो २०१२ सालचा, अमेरिकेंतील आहे. मिझूरी राज्यांतून सेनेटवर निवडून जाण्यासाठीं टॉड एकिन हे रिपब्लिकन पक्षातर्फे उभे होते. ते शिक्षणानें अभियंते, शिवाय धर्मशास्त्राचे पदवीधर. २००१ पासून अमेरिकन काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाचे सभासद. त्या सभागृहाच्या विज्ञानविषयक समितींतही त्यांना स्थान होतें. त्यांच्या विरुद्ध डेमोक्रॅटिक पक्षाच्या क्लेअर मॅकॅस्किल आपली जागा राखण्यासाठीं लढत होत्या, आणि त्यांची बाजू दुबळी समजली जात होती. १९ ऑगस्ट रोजीं सेंट लुइस येथील एका दूरचित्रवाणी केंद्रानें एकिन यांची मुलाखत प्रसृत केली. बलात्कारामुळें राहिलेल्या गर्भाच्या बाबतींत तरी गर्भपाताची मोकळीक असावी कीं नाहीं, असा प्रश्न त्यांना विचारण्यांत आला. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता: वैद्यांकडून आपणांस जें समजलें आहे त्यावरून अशा रीतीनें गर्भ राहणें फार विरळा, बलात्कार जर 'लेजिटिमेट', म्हणजे खराखुरा असेल, तर तो सारा प्रकार बंद पाडण्याचे उपाय स्त्रीच्या शरीरापाशींच असतात. आणि तसें समजा घडलें नाहीं, तरी शिक्षा व्हावयाची ती अत्याचार करणारास व्हावी. मुलावर घाला घालूं नये.

या उत्तराचा परिणाम काय झाला हें सर्वश्रुत आहे. त्यांच्याच पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉमनी यांनीं त्यांना माघार घेण्यास सांगितलें. पक्षानें पैशाची मदत थांबविली. एकिन यांनीं जाहीर क्षमा मागितली, परंतु माघार घेतली नाहीं. नोव्हेंबरांत मॅकॅस्किल यांना सुमारें ५५ टक्के व एकिन यांना ३९ टक्के मतें पडलीं. त्याच दिवशीं त्याच राज्यानें रॉमनी यांना मात्र ओबामांपेक्षां ९ टक्क्यांहून अधिक मतें दिलीं. निवडणुकीचा निकाल अनेक कारणें मिळून लागतो, हें आम्ही जाणतों; पण ज्या अर्थीं इतक्या मतदारांनीं एकाच मतपत्रिकेवर वरचें नांव एका पक्षाचें व खालचें नांव दुसऱ्या पक्षाचें पसंत केलें, त्या अर्थीं त्यांचा रोष पक्षावर नव्हता, एका मनुष्यावर होता, इतकें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां हा रोष न्याय्य होता काय? आमच्या मतें बोलण्यांतील चुका दोन जातींच्या असतात. पहिलींत बोलणाराच्या मनांत एक असतें आणि तोंडांतून दुसरेंच निघतें. ती चूक कोणी दाखवून दिली कीं तो स्वतःच प्रथम हंसतो किंवा ओशाळतो. अशा चुकीबद्दल मनुष्यास शासन करणें म्हणजे ठेंच लागलेल्यास चोर म्हणून धरण्यासारखें आहे. दुसऱ्या जातीच्या चुकींत मनांत वर्षानुवर्षें साठलेलेंच बेसावधपणें बाहेर येतें. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, असें आपण म्हणतों. पण त्या म्हणीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पोहऱ्यांत जें आलें तें आडांतलेंच.

एकिन यांचें वाक्य कोणत्या जातीचें? त्यांनीं क्षमा मागितली ती शब्दांची निवड चुकली म्हणून. परंतु त्याच्या आदल्याच वर्षीं, २०११ सालीं, सरकारी पैसा गर्भपाताकडे जाऊं नये म्हणून जें विधेयक काँग्रेसपुढें आलें होतें, त्यांत अपवाद ठेवला होता तो प्रत्येक बलात्काराचा नव्हे, तर 'बळजबरीच्या' बलात्कारापुरता. जणूं कांहीं बळजबरीवांचूनही बलात्कार होत असतो! त्या विधेयकास पाठिंबा म्हणून ज्यांनीं नांवें दिलीं त्यांत एकिन होते, आणि पुढें रॉमनींचे सहउमेदवार झालेले पॉल रायनही होते. ओरड झाल्यावर तो शब्द गाळण्यांत आला. पुढें २०१४ सालीं एकिन यांनीं आपल्या बाजूचें एक पुस्तक लिहिलें, आणि आपण क्षमा मागितली हीच चूक झाली, असा सूर त्यांत लावला. तेव्हां ही ठेंच नव्हती. हा त्यांचा नेहमींचा रस्ता होता.

त्या रस्त्याचा उगमही फार जुना आहे. स्त्रीला सुख झाल्यावांचून गर्भ राहत नाहीं, अशी एक समजूत युरोपांत शतकानुशतकें होती, आणि तेराव्या शतकाच्या अखेरच्या 'ब्रिटन' नांवाच्या इंग्रजी कायदेग्रंथांत तिनें न्यायाचें रूप घेतलें होतें: गर्भ राहिला, त्या अर्थीं संमति होती, संमति होती, त्या अर्थीं बलात्कार नव्हता. आधुनिक वैद्यकानें ही समजूत केव्हांच निकालांत काढली आहे. बलात्कारानंतर गर्भ राहण्याचें प्रमाण शेंकडा पांचच्या आसपास असून अमेरिकेंत दरसाल सुमारें ३२ हजार स्त्रियांवर हा प्रसंग येतो, असा अंदाज १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय पाहणींत काढलेला आहे. विज्ञान-समितीच्या सभासदास हें ठाऊक नसावें ही खेदाची गोष्ट खरी. पण अज्ञान हा आमचा मुख्य आक्षेप नाहीं. अज्ञान शिकवून जातें. आमचा धंदाच तो आहे. मुख्य आक्षेप असा कीं, या विचारसरणींत त्या अभागी स्त्रीचा गर्भच तिच्याविरुद्ध साक्षीदार म्हणून उभा राहतो. जिचें सर्वस्व लुटलें गेलें तिलाच, तूं लुटली गेलीस हें कशावरून, असें विचारावयाचें, आणि तिच्या पोटांतील आपत्तीकडे बोट दाखवून म्हणावयाचें, हाच तुझ्या खोटेपणाचा पुरावा!

हे सर्व परदेशांतले विचार, आमचा त्यांच्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल तर त्यानें आपल्याच प्रांतांतील एक खटला आठवावा. १९७२ सालीं त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंज येथें पोलिसठाण्यांतच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूरच्या न्यायासनानें दोघां पोलिसांस दोषी ठरविलें. पण सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं त्यांना सोडून दिलें. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनें प्रतिकार केल्याचीं चिन्हें नव्हतीं, तेव्हां संमति असली पाहिजे, असा तो तर्क होता. मिझूरींत गर्भ साक्षीदार झाला, येथें न झालेली जखम साक्षीदार झाली. तर्काची जात एकच. या निकालाविरुद्ध उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या चार कायद्याच्या अध्यापकांनीं १९७९ सालीं सरन्यायाधीशांस उघडें पत्र लिहिलें, देशभर चळवळ झाली, आणि १९८३ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली. पोलिसांच्या ताब्यांत असलेली स्त्री न्यायालयांत संमति नव्हती असें सांगत असेल, तर न्यायालयानें तेंच गृहीत धरावें, असें त्या दुरुस्तीनें ठरलें. गर्भपाताच्या बाबतींत तर आमचा कायदा त्याहीपूर्वींपासून अधिक उदार आहे. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालीं १९६४ सालीं नेमलेल्या समितीच्या विचारांतून १९७१ चा कायदा निघाला, आणि बलात्कारानें राहिलेल्या गर्भाचा मनस्ताप हा स्त्रीच्या मानसिक आरोग्यावरील गंभीर आघात समजावा, असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. परंतु कायदा उदार असला म्हणजे समाजाचें मन उदार झालेंच असें नव्हे. "ती त्या वेळीं तेथें गेलीच कशाला?" हें वाक्य आमच्या शिकलेल्या घरांतून आम्हीं स्वतः ऐकलें आहे, आणि एकदां तर ऐकून गप्प बसलों आहों. तेव्हां एकिन यांच्याकडे बोट दाखवितांना उरलेलीं बोटें कोणाकडे वळतात याची आम्हांस जाणीव आहे.

येथपर्यंत न्याय सोपा होता. खरी अडचण पुढेंच आहे, आणि तिचें नांव रिचर्ड मर्डॉक. हे इंडियाना राज्याचे खजिनदार. छत्तीस वर्षें सेनेटमध्यें बसलेल्या रिचर्ड ल्यूगर यांचा पक्षांतर्गत निवडणुकींत पराभव करून ते २०१२ सालींच सेनेटसाठीं उभे राहिले. २३ ऑक्टोबरच्या जाहीर वादसभेंत त्यांनाही तोच प्रश्न आला. जीवित ही ईश्वराची देणगी आहे अशा निर्णयास आपण पुष्कळ मनोमंथनानंतर आलों, आणि बलात्काराच्या भयंकर प्रसंगांतून जरी जीव निर्माण झाला तरी तो व्हावा अशी ईश्वराची इच्छा होती असें आपण मानतों, असें त्यांनीं उत्तर दिलें. बलात्कार ईश्वरास इष्ट होता असें आपलें म्हणणें नाहीं, हें त्यांनीं लगेच स्पष्ट केलें. तेही हरले. रॉमनी यांनीं इंडियानांत सुमारें १० टक्क्यांचें मताधिक्य मिळविलें असतांही मर्डॉक यांना ४४ टक्के आणि प्रतिपक्षाचे जो डॉनेली यांना ५० टक्के मतें पडलीं. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं डॉनेलीही गर्भपाताच्या विरुद्धच होते. फक्त बलात्कारासारखे अपवाद त्यांस मान्य होते.

मर्डॉक यांच्या बोलण्यांत स्त्रीवर संशय नाहीं, खोटें वैद्यक नाहीं, लबाडी तर मुळींच नाहीं. गर्भ हा पहिल्या क्षणापासून पूर्ण मनुष्य आहे असें जो अंतःकरणपूर्वक मानतो, त्यानें बापाच्या गुन्ह्याची शिक्षा त्या जीवास कां द्यावी असें विचारणें तर्काला धरून आहे. अपवाद मानणाऱ्यांपेक्षां हा मनुष्य अधिक सुसंगत आहे, असेंही म्हणतां येईल. हा पक्ष आम्हांस मान्य नाहीं. पण ज्यानें आपली श्रद्धा मतांच्या हिशेबाशिवाय बोलून दाखविली, त्याचा पराभव झाला म्हणून टाळ्या पिटण्यास आमचा हात उचलत नाहीं.

तथापि मतदारांस त्या वाक्यांत जें खुपलें तें अगदींच निराधार होतें असें आम्हांस वाटत नाहीं. आपल्याकडे एखाद्या घरीं अवचित मृत्यु झाला म्हणजे समाचारास आलेल्यांपैकीं कोणीतरी म्हणतो, "प्रारब्धाचे भोग, दुसरें काय!" घरची विधवा जर स्वतः म्हणेल, "माझ्या प्रारब्धांतच होतें," तर त्या शब्दांत धैर्य असतें, त्यांवर ती उभी राहते. तेच शब्द समाचारास आलेल्या गृहस्थानें उच्चारले कीं ते क्रूर होतात, कारण भोगणारा एक आणि त्या भोगाचा अर्थ सांगणारा दुसरा. आणि तोच गृहस्थ जर उद्यां विधिमंडळांत जाऊन आपण लावलेला अर्थ तिच्यावर कायद्यानें लादूं लागला, तर त्या क्रौर्याचा जुलूम होतो. बलात्कारांतून जन्मलेलें मूल वाढविणारी एखादी स्त्री, हें मूल मला ईश्वरानें दिलें, असें म्हणत असेल, तर तिच्यापुढें आम्ही नम्रपणें मान लववूं. पण तें वाक्य तिचें आहे. तें तिच्या वतीनें बोलण्याचा अधिकार ना मर्डॉक यांस, ना आम्हांस. एकिन यांच्या वाक्यांत ती स्त्री खोटी ठरली. मर्डॉक यांच्या वाक्यांत ती नुसतें साधन ठरली. दोन्ही वाक्यांत ती स्वतः कोठेंच नव्हती. ज्याच्या बोलण्यांत भोगणारें माणूस नाहीं, त्याच्या कायद्यांतही तें असणार नाहीं, असा अंदाज मतदारांनीं केला असेल तर तो चुकीचा होता असें कोण म्हणेल?

मग मतदारांनीं योग्य तेंच केलें म्हणून हा लेख येथें संपवावा काय? तसें करतां आलें असतें तर बरें झालें असतें. परंतु या शिक्षेला दोन बट्टे आहेत. पहिला असा कीं, मॅकॅस्किल यांनीं पुढें २०१५ सालीं आपल्या आठवणींत मोकळेपणानें सांगितल्याप्रमाणें, रिपब्लिकन पक्षाच्या अंतर्गत निवडणुकींत एकिनच निवडले जावेत म्हणून त्यांनीं स्वतः सुमारें १७ लक्ष डॉलर खर्चून जाहिराती केल्या होत्या. एकिन हे अतिशयच कट्टर आहेत, असें त्या जाहिराती वरकरणीं निंदेच्या रूपानें सांगत होत्या, आणि कट्टरांस तेंच हवें होतें. जो विचार स्त्रियांस घातक आहे असें आपण मानतों, त्याच्याच पुरस्कर्त्यास जिंकण्यास सोपा म्हणून पुढें आणणें, हें डावपेंच म्हणून यशस्वी झालें. नीति म्हणून तें आम्हांस पटत नाहीं.

दुसरा बट्टा याहून मोठा. एकिन यांच्या मुलाखतीनंतर अवघ्या नऊ दिवसांनीं, २८ ऑगस्टला, ज्या पक्षानें त्यांना वाळींत टाकलें त्याच पक्षानें टँपा येथील अधिवेशनांत आपला जाहीरनामा मंजूर केला. गर्भास घटनेनें संरक्षण द्यावें अशी मागणी त्यांत होती, आणि बलात्काराच्या अपवादाचा त्यांत एक अक्षरानेंही उल्लेख नव्हता. रॉमनी यांना स्वतःला तो अपवाद मान्य होता, हें त्यांच्या न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. पण पक्षाचा धडा स्पष्ट होता: वाक्य टाकून द्या, वस्तु ठेवा. २०१९ सालीं मिझूरीच्या विधिमंडळानें एक कायदा केला. गर्भपाताचा हक्क मान्य करणारा १९७३ चा 'रो' खटल्याचा निर्णय ज्या दिवशीं रद्द होईल, त्या दिवशीं राज्यांत गर्भपातास पूर्ण बंदी लागू व्हावी, अशी त्यांत तरतूद होती. वैद्यकीय संकटापुरता तेवढा अपवाद होता; बलात्काराचा नव्हता. २४ जून २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें 'रो'चा निर्णय फिरविला आणि त्याच दिवशीं मिझूरींत ती बंदी अमलांत आली. एकिन त्यापूर्वींच, २०२१ सालीं, वारले होते. बलात्काराचा अपवाद नको हें जें मत त्यांच्या त्या वाक्याच्या पोटांत होतें, ज्याचें समर्थन करतांना ते बुडाले, तें त्यांच्याच राज्याचा कायदा झालें. आणि ज्यांनीं तें केलें त्यांच्यापैकीं बहुतेकांना कोणीं मुलाखतींत अडविलें नाहीं, कारण तसें वाक्य त्यांनीं उच्चारलेंच नव्हतें. मतदारांनीं पोहरा फोडला. आड होता तसाच राहिला.

त्या राज्याच्या मतदारांस हें पुढें उमगलें असें दिसतें. नोव्हेंबर २०२४ मध्यें त्यांनीं स्वतःच मत देऊन गर्भपाताचा हक्क राज्यघटनेंत घातला. मताधिक्य फार नव्हतें. अनुकूल मतें ५२ टक्क्यांच्या आंतच होतीं. परंतु त्याच दिवशीं त्यांनीं त्या हक्काच्या विरोधकांसही मोठ्या मताधिक्यानें निवडून दिलें. आणि २०२५ सालीं त्या विधिमंडळानें ती घटनादुरुस्ती रद्द करण्याचा प्रस्ताव पुन्हां लोकांपुढें ठेवण्याचा ठराव केला. फरक इतकाच झाला कीं या नव्या ठरावांत बलात्कारांतील गर्भासाठीं बारा आठवड्यांपर्यंतचा अपवाद घालावा लागला. जो अपवाद २०१९ सालीं सुचला नाहीं तो २०२५ सालीं सुचला, तो वक्त्यांच्या जिभेस वळण लागलें म्हणून नव्हे. लोकांनीं वाक्य सोडून वस्तूवर मत दिलें म्हणून.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें आमचें उत्तर असें आहे. उमेदवाराच्या वाक्यावरून त्याची परीक्षा करावी काय? खुशाल करावी, मात्र तें वाक्य ठेंच आहे कीं रस्ता आहे हें आधीं पाहावें, आणि त्या वाक्यांत भोगणारें माणूस आहे कीं नाहीं हें नंतर पाहावें. परंतु परीक्षा तेथेंच संपली असें समजूं नये. जो बोलला त्याच्यावर आपला सर्व राग खर्चून जो बोलला नाहीं त्यास मत देणारा मतदार चातुर्यास बक्षीस देतो आणि प्रामाणिकपणास दंड करतो, आणि दहा वर्षांनीं त्या मौनाची किंमत आपल्याच घरांतील मुलीस द्यावी लागते. आम्ही परीक्षक म्हणून उत्तरपत्रिका तपासतों तेव्हां चुकीच्या उत्तरास शून्य देतों. पण कोऱ्या सोडलेल्या प्रश्नासही शून्यच देतों. कोरा कागद स्वच्छ दिसतो म्हणून त्यास गुण देणारा परीक्षक आम्हीं अजून पाहिलेला नाहीं.